देवळामागचे तीन खड्डे

आबा हवालदार गाव दाखवायला न्यायचे तेव्हा आधी देवळात शिरू द्यायचे नाहीत. सगळ्यांना देवळाच्या पाठीमागे न्यायचे, तिथल्या तीन खड्ड्यांसमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "हे बघा." साताऱ्याहून, पुण्याहून आलेली माणसं वाकून बघायची. खड्ड्यात पालापाचोळा असायचा, फार तर एखादा सरडा. कुणीतरी विचारायचंच, "काय आहे इथे?"

"कायबी न्हाई," आबा म्हणायचे. "हुतं. आता न्हाई. त्येच बघा."

मला पहिल्यांदा वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. मी साताऱ्यातल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर. मेढ्याच्या वरच्या अंगाला एक रिटायर हवालदार रविवारी रान हिंडवतो आणि दुपारी घरी नाचणीची भाकरी, कुर्डूची भाजी आणि कारळ्याची चटणी जेवायला घालतो, एवढं ऐकून मी गेलो होतो. खरं सांगायचं तर भाकरीसाठीच गेलो होतो. आबांनी ते पाहता क्षणी ओळखलं. "आधी पाय, मग तोंड," ते म्हणाले. "नुसतं प्वाट भरायचं आसंल तर मेढ्यात खानावळी हायत." मग कुठला म्हणून विचारलं. मी तासगाव म्हटल्यावर ते एकदम गप्प झाले आणि पुढचा मैलभर माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत.

रान मात्र असं दाखवायचे की बस. उंचीने जेमतेम, पण चढाला लागले की आमच्यासारखे तिशीतले धापा टाकत मागे. देवराईत शिरताना चपला काढायला लावायचे. अंजनीच्या बुंध्याला हात लावून थांबायचे, गारंबीचा वेल दाखवायचे, शेकरू दिसलं तर हात वर करून आख्खी रांग जागच्या जागी उभी करायचे. भारंगीचा पाला कवळा कुठला नि जून कुठला, हे बोटांनी चुरगाळून सांगायचे. "ढिला मत पडो," हे पलटणीतलं वाक्य दर दहा मिनिटांनी. घरी पोचलो की पारूकाकी, त्यांची बायको, चुलीपुढून ओरडायची, "आवं, किती चालीवलं त्यास्नी? त्वांडं बघा सुकल्याली!" ती भाकरी मी आजवर इतर कुठे खाल्ली नाही. दुसऱ्या रविवारी पुन्हा गेलो, तिसऱ्याही. बायको म्हणायची, तिथंच बिऱ्हाड करा.

खड्ड्यांची गोष्ट कळायला मला वर्ष लागलं. एका रविवारी मी एकटाच होतो, पावसाने बाकीच्यांनी टांग मारली होती. आबा देवळामागे दगडावर बसले आणि सांगू लागले.

तिथे तीन वीरगळ होते. लढाईत पडलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला दगड तो वीरगळ. खालच्या कप्प्यात तो लढतोय, मधल्यात अप्सरा त्याला वर नेतायत, वरच्यात तो शंकराच्या पिंडीपुढे बसलाय आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. कुणाचे, कुठल्या लढाईतले, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. वीस-बावीस वर्षांपूर्वी देवळाचा जीर्णोद्धार निघाला. स्लॅब पडला, फरश्या आल्या. मुंबईकर मंडळींनी ठरवलं की जुन्या, झिजलेल्या, नाक-हात तुटलेल्या मूर्ती ठेवायच्या नाहीत. खंडित देव घरात, गावात ठेवू नये, त्याचं विसर्जन करावं. रीतच आहे ती. त्या मूर्तींबरोबर मागचे तीन दगडही निघाले. आबा तेव्हा सुट्टीवर आले होते. गावाचा जवान, अंगात ताकद, मान मोठा. गावाखालचं धरण तुडुंब भरलेलं. पिंपांच्या तराफ्यावर एकेक दगड चढवून मध्यावर न्यायचा आणि सोडायचा, हे काम त्यांनी मागून घेतलं.

"गुरवाची म्हातारी काठावर बसून बोंब मारत हुती," आबा म्हणाले. "म्हनत हुती, आरं ह्ये द्येव न्हाईत, मान्सं हायत. मान्सांचं इसर्जन करू नगा. आमी हसलो. आन् दगूड वजनानं हलंना तवा मी..." ते थांबले. "मी बूट लावला, गड्या. पायानं ढकाललं. तिन्ही."

 पाऊस वाढला तरी ते दगडावरून उठले नाहीत.

तासगावचं नाव ऐकून ते गप्प का झाले, तेही त्याच दिवशी कळलं. त्यांचा पलटणीतला जोडीदार आमच्याकडचा, तासगावपासून पाच-सहा मैलांवरचा. तो सीमेवर कामी आला. रिटायर झाल्यावर आबा त्याच्या गावी गेले. शाळेपुढे त्याचा अर्धपुतळा आहे. सकाळी त्याची आई आली, पदर पाण्यात भिजवला आणि पुतळ्याचं तोंड पुसू लागली. कानामागची धूळसुद्धा बोटाने काढली. रोज काढते म्हणे. आबा तिथून एसटीत बसले ते मेढ्यापर्यंत रडत आले. "त्या तिघांच्या आयाबी आशाच पुसत आसतील की रं," ते म्हणाले. "आन् मी शिपाई आसून शिपायाला लाथ मारली."

तेव्हापासून दर उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की आबा तळात उतरायचे. चार हात लांब लोखंडी गज घ्यायचा, पावलापावलावर गाळात खुपसायचा आणि दगड लागला की उकरायचं. रविवारी लोकांना रान दाखवायचं ते या कामासाठी माणसं मिळावीत म्हणून, हे मला फार उशिरा कळलं. पहिल्या वर्षी गावातले चार जण आले. मग कुणीतरी शंका काढली, की विसर्जन केलेलं माघारी आणलं तर गावाला बाधतं. देवाला कौल लावला. पाकळी डाव्या अंगाला पडली, म्हणजे देवाचा नकार. झालं, दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नाही. आबा देवळात जाऊन बोलून आले, "द्येवाला कौल लावा. जवानाला कौल लागत न्हाई." त्यावरून गावाशी त्यांचं जे फाटलं ते फाटलंच. लग्नाला बोलावणं यायचं, पंगतीत शेजारी कुणी बसायचं नाही.

मी जायचो. तीन उन्हाळे गेलो. दोन मैल पसरलेला चिखल, वर भाजणारं ऊन, आणि त्यात बुडालेल्या जुन्या वस्तीचे हजारो दगड: भिंतींचे, जोत्यांचे, पायऱ्यांचे. गज खण्ण वाजला की आबांचा चेहरा उजळायचा, उकरल्यावर पडायचा. दिवसातून तीस-तीस वेळा तो चेहरा उजळताना आणि पडताना मी बघितलाय. मला राग यायचा. एकदा म्हटलंही, "आवं आबा, किती दिस? घावायचं न्हाई ते." त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तू जा," म्हणाले. "भाकरी खाऊन जा."

मग एका हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं. हात लोंबता, बोटांना ठेचलं तरी कळायचं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू होताच, ऑपरेशन "उन्हाळा झाला की" म्हणून ते ढकलत आले होते. मी भेटायला गेलो तर खाटेवरून त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि सोडेनात. "ह्यो शेवटचा उन्हाळा," म्हणाले. "मला काठावर न्हे. फकस्त काठावर. पाया पडतो." हा माणूस माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठा. खरंच वाकायला लागला खाटेवरून. काकी तोंडात पदर कोंबून आत गेली.

मे महिन्यात कारखान्यातले दोघे मित्र आणि एक पिकअप घेऊन गेलो. आबांना चिखलाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. ते तिथून हुकूम सोडायचे, निम्मे शब्द तोंडातच विरायचे. तिसऱ्या रविवारी गज लागला. उकरलं. लांबट, चौकोनी, घडीव दगड. मापाला अगदी बरोबर. आम्ही तिघांनी पहारीने तो पालथा केला, वर बादलीभर पाणी ओतलं. गाळ वाहून गेला.

दगड कोरा होता. एका टोकाला तेवढी वाटीएवढी खळी होती, जुन्या दाराचा खुंट फिरतो ना, त्याची उखळी. कुणाच्या तरी बुडालेल्या घराचा उंबरा होता तो.

मागे बघतो तर आबा खुर्चीवरून उठलेले. काठी रोवत, पाय ओढत चिखलातून येत होते. मित्र धरायला धावले, त्यांना झिडकारलं. येऊन गुडघ्यांवर पडले. उजवा हात डाव्याने उचलून त्यांनी दगडावर ठेवला आणि फिरवला. मग तोंड माझ्याकडे केलं.

"हाताला कळंना रं," म्हणाले. "डावा थरथरतुय. तू बघ. खालच्या कप्प्यात काय हाय?"

मी मित्रांकडे बघितलं. ते खाली बघत होते.

"लढाई आहे," मी म्हणालो.

"हातात?"

"ढाल. आणि तलवार."

"मदी?"

"बायका आहेत दोन बाजूंना. त्याला वर नेतायत."

"वर पिंड हाय?"

"आहे, आबा."

"चंद्र-सूर्य?"

"दोन्ही आहेत."

आबांनी कपाळ दगडावर टेकलं. चिखलात पडून तो माणूस लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला आणि मध्येमध्ये म्हणत राहिला, "चूक झाली, जवान. चूक झाली." मी शरमेने अर्धा झालो होतो, आणि तरीही मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकतो.

दगड आम्ही त्यांच्या घरामागच्या परड्यात उभा केला. बाकीच्या दोघांचं काय, असं मी चाचरत विचारलं, तर म्हणाले, "एकानं माफी दिली म्हंजी तिघांनी दिली. आता ऱ्हाऊ दे." गज त्यांनी शेजाऱ्याला देऊन टाकला. त्यानंतर ते इतके शांत झाले की ओळखू येईनात. रोज दगडापुढे खुर्ची टाकून बसायचे. श्रावणात, सकाळचा चहा घेता घेता गेले.

तेराव्याला मी गेलो होतो. पंगती उठल्या, गावकरी पांगले. गावातली बरीच माणसं आली होती, त्यातली काही दगडालाही हळद-कुंकू वाहून गेली. मी परड्यात उभा होतो. पारूकाकी भांड्याला राख लावत तिथेच बसली होती. मान वर न करता म्हणाली,

"त्यो उंबरा हाय."

मी तिच्याकडे वळलो. "काकी..."

"माझं म्हायेर त्या बुडाल्याल्या वस्तीतलं. उंबऱ्यावर बसून मोठी झालीया मी. मला उंबरा कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू का न्हाई बोललास?" ती म्हणाली. भांड्यावर पुन्हा राख घेतली. "बरं क्येलंस. सुखानं ग्येलं माणूस. लय वरसांत झोपलं न्हवतं." मग भांडं बाजूला ठेवून तिने माझ्याकडे बघितलं. "पर बाबा, ती तिघं अजून पाण्यातच हायत. आन् हुडकनारा तू थांबिवलास."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर सोपं गेलं असतं. मी एका म्हाताऱ्याला झोप मिळावी म्हणून खोटं बोललो आणि त्या तिघांसाठी जगात जो एकच माणूस चिखल उपसत होता त्याला घरी बसवलं. आता त्या दगडांसाठी रडणारं कुणी उरलेलं नाही. गावाच्या लेखी प्रश्न मिटलाय. परड्यातल्या उंबऱ्याला नारळ फुटतात.

यंदा एप्रिल संपायच्या आतच मी नवा गज करून घेतला. मित्रांना विचारलं, त्यांनी कामं सांगितली. मग एकटाच उतरलो. सहा रविवार. कुठे खुपसायचं हे आबांना पावलांनी ठाऊक होतं, मला ते कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. मी भाकरीच्या वाटेकडे डोळे लावून बसायचो. शेवटच्या रविवारी दुपारपर्यंत अकरा दगड उकरले. सगळे कोरे. बाराव्याला गज लावला तेव्हा माझ्या घोट्यापर्यंत पाणी आलं होतं. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा. मी उकरत होतो आणि गाळ पुन्हा भरत होता.