झाडे सरांचा तास

झाडे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी हिंगणघाटात एका जुन्या ट्रॅक्टरचा सौदा करत होतो. सौदा अर्धा टाकून निघालो… गावी, आंजीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तसंही आमचं बोलणं दोन वर्षांपासून बंदच होतं.

ते गावच्या शाळेचे मुख्याध्यापक, मी ती शाळा चालवणाऱ्या संस्थेचा संचालक. सातवीत शाळा सोडून जुने ट्रॅक्टर विकत वर आलेला. त्यांच्या शाळेत गणित-विज्ञानासोबत रोज एक तास व्याकरण, तर्क किंवा वक्तृत्वाचा असायचा. मुलाला नीट वाचता, विचार करता आणि बोलता आलं की बाकीचं तो स्वतः शिकतो, असं ते म्हणत. त्या तासाला स्पर्धा परीक्षांची तयारी घ्या, पोरं नोकरीला लागतील, हा माझा धोशा.

तर्काच्या तासाला त्यांचा नियम होता: समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं मांडल्याशिवाय ते खोडायचं नाही. एकदा मी भांडायला थेट वर्गातच शिरलो. सर म्हणाले, "भाऊ, आधी माहं म्हणणं सांगा. मंग बोला."

"तुमचं मी काऊन सांगू? गिऱ्हाइकाची बाजू मांडत बसलो असतो तं आजही सायकलच हाणत असतो!"

पोरं हसली. सरांनी त्यांना थांबवलं नाही. ते अजून खुपतं. मी पुन्हा शाळेत गेलो नाही, तेही कधी घरी आले नाहीत. एवढा शिकलेला माणूस… एकदा यायला काय जात होतं?

तेरवीनंतर शाळेतच संस्थेची बैठक झाली. सचिव म्हणाले, "भाऊ, आता अडवणारं कोणी नाई. तो तास काढून टाकू. तुमचाच ठराव हाये, मांडा."

ठराव मांडायला उभा राहिलो, पण तोंडातून निघालं, "सरांचं म्हणणं असं होतं…" आणि सांगत गेलो. परीक्षा दर काही वर्षांनी बदलतात. पण सही करण्याआधी कागद वाचता यायला हवा, आणि गोड बोलून माल गळ्यात मारणारा ओळखता यायला हवा. बोलताना मी लोकांच्या गळ्यात मारलेले दोन-चार ट्रॅक्टर डोळ्यांपुढून गेले.

"बरं," सचिव घड्याळ पाहत म्हणाले, "अन् तुमचं म्हणणं?"

मी बराच वेळ आठवत राहिलो. मग म्हणालो, "तास राहू द्या."

निघताना सरांच्या खोलीत शिरलो. टेबलासमोर भेटायला येणाऱ्यांसाठी दोन खुर्च्या होत्या. एकीवर बसलो. इतक्या वर्षांत त्या खोलीत मी कधी बसलोच नव्हतो. दर वेळी उभ्यानेच भांडून निघालो होतो.