दाण्याचं कूट

आमच्या गावात जुनी बारव आहे, पडकी गढी आहे, आणि ती बघायला येणारी माणसं आता आमच्याकडं मुक्कामाला असतात. घरामागं दोन खोल्या बांधल्या आणि पाटी लावली: मुक्काम आणि सकाळची न्याहारी. नवरा आणि थोरले दीर पाहुण्यांना गाव दाखवतात, स्वयंपाक आम्ही दोघी जावा बघतो. थोरल्या जावेला मी अक्का म्हणते. ती शांत, मी तापट. माझी आई म्हणायची, ह्या पोरीच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसलेला असतो. खोटं नव्हतं.

त्या खेपेला पुण्याहून नवरा-बायको आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी यायची होती. मुलीच्या आईनं फोनवरच तीनदा बजावलं, "शेंगदाणा अजिबात नको. तिचा घसा सुजतो, श्वास अडकतो." मी म्हटलं, ताई, बिलकुल काळजी करू नका. फोन ठेवला आणि अक्काला फर्मान सोडलं. तिला ते पटेचना.

"शेंगदाण्यानं कुणाला काय होतंय गं? आपल्या पोरी काय खाऊन वाढल्या?"

"अक्का, होतंय म्हणजे होतंय! लेकरू परक्याचं आहे."

"बरं बाई, न्हाई घालत."

तेल आमचं करडीचंच. शेंगदाण्याचा डबा मी स्वतः उचलून माळ्यावर ठेवला. एवढं करूनही माझं लक्ष होतं अक्कावर. तिचा हात सढळ. मूठभर कूट पडल्याशिवाय तिला भाजी भाजीच वाटत नाही.

पाहुणे आले, रात्री नुसतं वरण-भात जेवले. सकाळी अंगणात न्याहारी मांडली. अक्का धपाटे भाजत होती, मी दही-कोशिंबीर वाढत होते. पोरगी मोठी गोड. कोशिंबीर मागून घेतली आणि "काकू, अजून" म्हणाली, तेव्हा मला कोण आनंद झाला!

पुन्हा वाढायला वाकले तर ती मान खाजवत होती. बघता बघता ओठ फुगले. मग खोकला सुरू झाला, कोरडा, थांबेचना. तिची आई ताट ढकलून उठली. "काय घातलंय ह्यात? शेंगदाणा घातलाय का?" पर्समधलं औषध काढून तिनं पोरीच्या तोंडात ओतलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. गर्रकन वळले आणि सगळ्यांच्या देखत अक्कावर ओरडले, "घातलंच ना शेवटी कूट तुम्ही? हजारदा सांगितलं होतं! जीव घेता का लेकराचा?"

अक्काच्या हातात उलथनं तसंच. "न्हाई गं. देवाशपथ न्हाई घातलं."

"मंग काय आपोआप पडलं?"

दवाखान्याचा रस्ता दाखवायला मी त्यांच्या गाडीत पुढं बसले. बाप गाडी चालवत होता, आई मागं पोरीला छातीशी धरून. दवाखाना जाफराबादला, तो रस्ता मला पाठ आहे, पण तो एवढा लांब कधीच नव्हता. वाटेत कापसाचा ट्रॅक्टर आडवा. मी काच खाली करून बोंबलले, "अरे बाजूला घे! लेकरू आहे गाडीत!" मागून पोरीच्या श्वासाची शिट्टी ऐकू येत होती. ती ऐकू येते तोवर ठीक, असं मी मनाशी घोकत होते. मध्येच शिट्टी थांबायची आणि मी वळून मागं बघायचे. तरी डोक्यात एकच: अक्कानं घात केला, आता आपल्याकडं कोण येईल? हो, तेही मनात आलं. खोटं कशाला बोलू.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पोरीच्या मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडावर ऑक्सिजन लावला आणि मान वर न करताच विचारलं, "काय खाल्लं? नुसती पदार्थांची नावं नकोत, त्यात काय काय घातलं ते सांगा."

मी घडाघडा सांगायला लागले. "धपाट्यात ज्वारी, कणीक, बेसन, तीळ, लसूण, मिरची. दही घरचं. कोशिंबिरीत काकडी, मीठ, साखर, कूट, लिंबू..."

"कशाचं कूट?"

कोशिंबीर मी केली होती. माझ्या ह्या हातानं. माळ्यावर गेले ते शेंगदाणे. कूट मिठाच्या बरणीशेजारी, रोज असतं तिथंच होतं. आमच्याकडं कूट म्हणजे शेंगदाणा नसतोच मुळी. ते मिठासारखं. हात जातो आणि पडतं, ध्यानात कोण ठेवतंय!

"दाण्याचं," मी म्हणाले. "मीच घातलं."

पोरीची आई माझ्याकडं बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "त्या तर नाही म्हणत होत्या."

दुपारी पोरीचे ओठ उतरले. तिनं पाणी मागितलं तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून रडले. तिला अजून ठेवून घेणार होते. नवरा मोटारसायकल घेऊन आला होता, त्याच्या मागं बसून मी घरी परतले.

अक्का स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता म्हणे.

"लेकरू?"

"बरं आहे."

तिनं हात जोडले. मी तोंड उघडणार, तर तीच बोलायला लागली. "मी सकाळधरनं याद करून राह्यले गं. कवा घातलं, कसं घातलं, काईच याद येईना. पण तू एवढं छातीठोक बोलली, मंग पडलंच असंल माझ्या हातनं."

सगळ्यांच्या देखत ओरडले होते, म्हणून नवऱ्याला आणि दिरांना आत बोलावलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं: कोशिंबिरीत कूट मी घातलं, अक्कांनी नाही.

अक्का रागावली नाही. माझा हात घट्ट धरून तिनं विचारलं, "म्हंजी मी न्हाई ना घातलं?" "तुम्ही नाही, अक्का," मी म्हटलं, तरी तिनं पुन्हा तेच विचारलं.