रॉकेटबाईंची सोळा पानं

"अंधारात खांद्यावर हात पडला, तर तो ओला असावा की कोरडा?"

घाटकोपरच्या आमच्या ऑफिसात, ऐन डबा खायच्या वेळी, रॉकेटबाई हे असलं विचारायच्या. समोरच्याच्या घशात पोळी अडकायची. बाई मात्र पेन सरसावून उत्तराची वाट बघत बसायच्या. शेवटी स्वतःच ठरवायच्या, "कोरडाच बरा. ओला हात काय, धुणी धुणाऱ्या बाईचाही असू शकतो."

दिवसभर त्या आवक-जावक बघणाऱ्या हेडक्लार्क. केसांचा घट्ट अंबाडा, इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला काळी दोरी. घरी गेल्या की मुलांसाठी कादंबऱ्या लिहायच्या. भुतांच्या, यानांच्या, समुद्राखालच्या राक्षसांच्या. त्यांच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधल्या पोरांनी त्यांना रॉकेटबाई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव मुलुंडहून घाटकोपरला कधी येऊन पोचलं ते कळलंही नाही. मी तिथे मराठी टायपिस्ट होते, वाकोल्याहून यायचे. मला या भुताखेतांचा मनापासून कंटाळा. "बाई, या वयात काय हो हे," मी म्हणायची. "तुझ्या वयात तरी तू काय लिहितेस? 'विषयांकित पत्रास अनुसरून'!" त्या म्हणायच्या.

लिहिलेलं प्रत्येक प्रकरण त्या आधी गच्चीवर पोरांना वाचून दाखवायच्या. वाचताना नजर कागदावर कमी, पोरांच्या गुडघ्यांवर जास्त. कुणी गुडघा खाजवला की तिथल्या तिथे त्या परिच्छेदावर काट. "घाबरलेलं मूल खाजवत नाही," हा त्यांचा सिद्धांत. दुसरा एक नियम होता, तो मात्र त्या हसून सांगत नसत. "मुलांना खुशाल घाबरवावं. पण घराबाहेर आपण काढलं, तर घरी आणून सोडायचंही आपणच. वाटेत सोडून देणं हे पाप आहे." म्हणून त्यांच्या प्रत्येक पुस्तकातली पाच मुलं आणि टिपू नावाचा कुत्रा शेवटच्या पानावर घरी गरम भात खात असायचे. टिपूसकट.

आणि एकदा नेमकं त्याच नियमाचं वाटोळं झालं. चंद्रावरच्या गुहेची त्यांची कादंबरी छापून आली. ती बांधणाऱ्या बाइंडरकडेच एक लोणच्यांचं पुस्तक पडलेलं होतं. पुस्तकं सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बांधतात. त्या बहाद्दरानं एका गठ्ठ्याचे शेवटचे फर्मे अदलाबदल करून शिवले. मुलं गुहेत अडकलीत, दगडामागून काहीतरी श्वास घेतंय, टिपू गुरगुरतोय, आणि पान उलटावं तर, "कैऱ्या स्वच्छ धुऊन पुसून कोरड्या कराव्यात." मी हसून हसून टाइपरायटरवर डोकं ठेवलं. बाई हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझी मलाच लाज वाटली.

प्रकाशक म्हणाला, "बाई, पोरांना काय कळतंय? पुढच्या आवृत्तीत बघू."

"तोवर पाच मुलं चंद्रावर बसून राहतील?" बाई म्हणाल्या आणि उठल्या.

तो गठ्ठा उपनगरांतच गेला होता, मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या लायब्रऱ्यांत आणि वह्या-पुस्तकांच्या दुकानांत. लोणच्याच्या पुस्तकांत शिरलेली आमची पानं तर गावोगाव पांगली होती, ती परत मिळायची आशा नव्हती. बाईंनी आपलं हस्तलिखित माझ्यापुढे ठेवलं. "स्टेन्सिल काप. सोळा पानं." मी विचारलं, "ऑफिसचं सायक्लोस्टाइल मशीन? साहेबांना विचारलंत?" "विचारलं. त्यांचा मुलगाही चंद्रावरच अडकलाय. म्हणाले, आजच्या आज काढा."

मग आमचे रविवार सुरू झाले. पिशवीत पानांचे जुडगे, स्टीलच्या डब्यात मैद्याची खळ. लायब्ररीत शिरायचं, रजिस्टरमधून पुस्तक कुणाकडे गेलंय ते बघायचं आणि त्या घराची बेल वाजवायची. दार उघडलं की बाई सांगायच्या, "तुमच्या मुलाचा शेवट राहिलाय." आया दचकायच्या. मी घाईघाईनं म्हणायची, "पुस्तकाचा हो, पुस्तकाचा!" अंधेरीत एका गृहस्थानं आम्हाला विक्रेत्या समजून हाकललं. बाई जिन्यातच बसून राहिल्या, तो पोरगा शाळेच्या क्रिकेटवरून परत येईपर्यंत. पाय सुजले होते. मी म्हटलं, "पुरे आता बाई, जीव जाईल." "एकही मूल मागे राहता कामा नये," एवढंच म्हणाल्या. असा हट्ट मी जन्मात पाहिला नाही.

शेवटची प्रत उरली गोराईत. बोरिवलीच्या दुकानदाराला आठवत होतं, गोराईचा एक भाजीवाला ती मुलीसाठी घेऊन गेला होता. आम्ही होडीतून खाडी ओलांडली, विचारत विचारत घर शोधलं. दहा वर्षांची फिलोमिना ओटीवर कोलीम, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, निवडत होती. बाईंनी सोळा पानं पुढे केली. मुलीनं हात पुसले, पानांकडे पाहिलं आणि मान हलवली.

"नको. शेवट मी केलाय."

"तू?"

तिनं आतून शाळेची वही आणली आणि उभ्यानंच वाचलं. चंद्रावरच्या खाडीतून एक होडी आली आणि सगळ्यांना घेऊन गेली. बस, एवढंच. बाईंचा चेहरा परीक्षकासारखा झाला. "आणि टिपू?" त्यांनी कडक आवाजात विचारलं.

मुलगी त्यांच्याकडे अशी बघत राहिली, जणू या बाईंना काहीच ठाऊक नाही. "तो पहिलाच चढला. कुत्रा होडीत नेहमी पहिलाच चढतो."

बाईंनी वहीतलं ते पान तिला विचारून फाडलं, खळ लावली आणि पुस्तकात आधी ते चिकटवलं. स्वतःची सोळा पानं त्याच्यामागे. परतीच्या होडीत म्हणाल्या, "हिनं आणलं सगळ्यांना घरी. मला सुचली नव्हती ती होडी." इतकं खूश मी त्यांना परत कधी पाहिलं नाही.

दोन वर्षांनी त्यांना पोटाचं दुखणं झालं. त्याही स्थितीत नवी कादंबरी चालूच. जुन्या किल्ल्याखालचं भुयार, वरून शिरणारं भरतीचं पाणी. त्या कॉटवरून सांगायच्या, मी लिहून घ्यायची. एक प्रकरण उरलं तेव्हा त्यांना बोलवेना. माझं मनगट धरून म्हणाल्या, "सुलभा, घरी आणशील ना?"

"बाई, असं काय करता! मला कुठं येतंय? मी टायपिस्ट आहे."

"घाबरवायचं काम मी केलंय. तू फक्त घरी आण."

त्या गुरुवारी गेल्या. मी ढसाढसा रडले, आणि मग मला त्यांचा रागच आला. मरतानाही माणसाला कामाला लावून गेल्या! रविवारी टाइपरायटरपुढे बसले. सबंध सकाळ एक ओळ सुचली नाही. कागद घालायचा, काढायचा, चुरगळायचा. दुपारी आई म्हणाली, "राहू दे गं, प्रकाशक करून घेईल कुणाकडून तरी." आणि एकदम मला तो प्रकाशकच डोळ्यांसमोर दिसला, पुढच्या आवृत्तीत बघू म्हणणारा. पाच मुलं तिकडे गळ्यापर्यंत पाण्यात उभी होती. त्यांना त्याच्या भरवशावर सोडू? मुळीच नाही. मी नवा कागद चढवला आणि पहिलं वाक्य टाइप केलं :

"भुयाराच्या तोंडाशी एक होडी आली, आणि टिपू पहिला चढला."