पूजेनंतरची भूषणण्णाची फेरी

आमच्या कर्नाटकातल्या सागर गावात आयुधपूजेला वजनकाटे, कोयते, मोटारी यांच्याबरोबर संगणकही पूजतात. पूजेआधी तो पुसतात, तोही चालू असताना, ओल्या फडक्याने खसाखसा. नको ती बटणं दाबली जातात. मग दसरा सरून दुकानं उघडली, की निम्म्या पेठेत ब्राउझरची बुकमार्कची पट्टी गायब, आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या नागभूषणचे हाल सुरू.

भूषणण्णाचे गुडघे गेलेत. दरवर्षी हाच बिघाड काढून त्याला वीट आलाय. "कुंकू लावा, हार घाला, पण बटणं चोळू नका रे बाबांनो!" म्हणतो. कोण ऐकतंय!

मी गणपय्यांच्या सुपारीच्या पेढीवर काट्याशी असतो. तिथे लोलाक्षी संगणकावर भाव पाहून सांगते. तिला इंग्रजी वाचता येत नाही. पट्टीवरची कोणती खूण कितवी, एवढंच पाठ. धन्यांना हे कळलं तर नोकरी गेली, आणि घर तिच्या एकटीवर.

यंदा तिचीही पट्टी गेली. भूषणण्णा फोनवर म्हणाला, "तीन ठिपके दाब, बुकमार्क उघड, पट्टी दाखवा असं लिहिलंय ते दाब." तिने घाबरून भलतंच काहीतरी दाबलं. शेवटी तो लंगडत आला, पट्टी परत आणली. पण तिच्या दाबादाबीत खुणांचा क्रम बदलला होता. तिने सवयीने दाबलं, तर विजेचं बिल उघडलं.

शेतकरी पोती घेऊन ताटकळलेले. गणपय्या खेकसले, "अगं, वाचून दाब की! डोळे आहेत ना?"

लोलाक्षीचा चेहरा पांढराफटक पडला. भूषणण्णाने तिच्याकडे पाहिलं, सुस्कारा सोडला आणि खुर्ची ओढली.

"धनी, तुम्ही कॉफी घेऊन या. हे लांबणार."

ते गेल्यावर त्याने पट्टीवरच्या एकेका खुणेचं इंग्रजी नाव पुसून कन्नडमध्ये लिहिलं. "हे वाचता येतं ना, तंगी?" धाकट्या बहिणीला हाक मारावी तसं त्याने विचारलं. तिने मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगतो, माझ्याही.

गणपय्या परतले. पडद्यासमोर वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"इंग्रजी कुठं गेलं?"

"बिघडलं, धनी," भूषणण्णा थकून म्हणाला. "आता हे असंच चालणार."

गणपय्यांनी बाहेरच्या शेतकऱ्यांकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"भूषणा, माझ्या घरच्या संगणकावरचंही बिघडवून दे. जाताजाता."

भूषणण्णाने गुडघा चोळला आणि पिशवी उचलली.