दोन तांबड्यांचं काळं शिंगरू

नोकरीतल्या कित्येक केसेस आता पुसट झाल्या. पण आमगाव तालुक्यातल्या एका काळ्या शिंगराची केस अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे आहे.

लग्नाच्या वरातीला घोडी देणारा एक म्हातारा सकाळीच ठाण्यात आला. त्याच्या काळ्या घोडीचं दूधपितं शिंगरू चोरीला गेलं होतं. ठाणे अंमलदार तक्रार लिहीत होता आणि म्हातारा पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "घोडी खिंकाळून राहिली, साहेब. चाऱ्याले तोंड लावत नाई."

काही दिवसांनी खबऱ्याने शेजारच्या गावातला एक घोडेवाला दाखवला. त्याच्या दारात तसंच काळं शिंगरू बांधलेलं होतं.

"हे माह्याच घोडीचं होय," तो म्हणाला.

पंचांसमोर शिंगरू सोडलं, तर ते सरळ त्याच्या तांबड्या घोडीला जाऊन पिऊ लागलं. पंच एकमेकांकडे बघू लागले.

संशयिताला मी मध्येच अडवत नसे, पोटभर बोलू देत असे. ठाण्यात चहा पाजून विचारलं, "याचा बाप कोणता?"

"घरचाच घोडा. तोही तांबडाच."

"दुसरा घोडा लागला असेल?"

"नाई साहेब. घोडी कधी सुटलीच नाई."

हा जबाब नोंदवून घेतला आणि जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्याचा घोडा, घोडी आणि शिंगरू पाहून त्या म्हणाल्या, "काळ्याचं जनुक प्रभावी असतं. आईबापांपैकी एकाकडून आलं तरी रंग दिसतो. तांबड्याचं सुप्त, ते दोघांकडून यावं लागतं. म्हणून दोन काळ्यांना तांबडं शिंगरू होऊ शकतं. दोन तांबड्यांना काळं होत नाही."

मी त्याचाच जबाब त्याला पुन्हा वाचून दाखवला. त्याची मान खाली गेली.

"काऊन नेलंस?" मी विचारलं.

"माह्या घोडीचं शिंगरू मेलं, साहेब. पान्हा गळून राहिला होता. रातदिस हाका मारे. मले पाहवलं नाई."

न्यायालयाच्या आदेशाने शिंगरू म्हाताऱ्याच्या ताब्यात दिलं. काळ्या घोडीने त्याला नखशिखांत हुंगलं, चाटलं. म्हाताऱ्याने उपरण्याने डोळे पुसले. पुढे सुनावणीच्या दिवशी तो आपणहून म्हणाला, "मी माह्या घोडीचं रडणं आयकलं, यानं याच्या घोडीचं. तडजोड लिहा."

शिंगरू कोणाचं, हे रंगाने सांगितलं. ते का नेलं, हे मात्र माणसालाच विचारावं लागलं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, गुन्हा उघडकीला आला तरी तो प्रश्न विचारल्याशिवाय मी एकही जबाब संपवला नाही.