मेहुण्याच्या जीपचं इंजिन कोणी मोडलं

माझ्या मेहुण्याने दुप्पट माल भरून नुकत्याच बसवलेल्या इंजिनाची वाट लावली, असं आमच्या दोन्ही घरांत गेली कित्येक वर्षं बोललं जातं. हे खोटं आहे. वाट मी लावली. आता माझं वय गुपितं सांभाळायचं राहिलं नाही, गोळ्या सांभाळताना पुरेवाट होते. म्हणून जे झालं ते लिहितो.

मी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात केली. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत एवढं सांगितलं की भागतं. कुणाचा मिक्सर अडला, कुणाची स्कूटर रुसली की माणसं माझ्या दारात. ज्याने विमानं दुरुस्त केली त्याला मिक्सर तो काय? प्रत्यक्षात मी रंगखात्यात होतो. विमानांना बाहेरून रंग मारायचो, इंजिनाशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. इंजिनाचं जे काही येतं ते घरच्या स्कूटरी खोलून आलेलं. त्यातली एक अजून पोत्यात आहे.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. मखमलाबादच्या बाजूला त्याची झेंडूची आणि कोथिंबिरीची शेती. त्याच्याकडे वडिलांची जुनी पेट्रोल जीप होती, ती पेट्रोल अशी प्यायची की शेतातली मोटार पाणी काय पिईल. मी निवृत्त होऊन घरच्यांच्या पायात येत होतो. म्हणालो, आण इकडे, डिझेल इंजिन बसवून देतो. अपघातात गेलेल्या एका व्हॅनचं इंजिन मिळालं. ब्लॉक लेथवाल्याकडून बोअर करून आणला, बाकी सगळं घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी स्वतः केलं. पिस्टन बायकोच्या कणकेच्या परातीत रॉकेलने धुतले. ती परात तिने परत घेतली नाही.

इंजिन बसलं, चालू झालं, फक्त हवेच्या फिल्टरचा डबा बॉनेटला लागायला लागला. मी डबा काढून टाकला. हवा ओढणाऱ्या पाइपाचं तोंड उघडंच ठेवलं, तात्पुरतं. आमच्याकडे तात्पुरत्या गोष्टीचं आयुष्य मोठं असतं.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी विळे, कात्र्या, मोटारी सगळ्यांना हळदीकुंकू. मेहुण्याच्या मळ्यात जीपची पूजा होती आणि मी तिथे एक नवं शास्त्र काढलं. म्हणालो, बंपरला कसली माळ घालता, काम इंजिन करतं, माळ इंजिनाला घाला. बॉनेट उघडलं. दोरा संपला होता, म्हणून मी माळ टूलबॉक्समधल्या बारीक तारेने बांधली. सगळ्यांचं लक्ष नारळ फोडण्याकडे असताना मी इंजिन चालू केलं आणि ते कसं गुरगुरतं हे दाखवायला बॉनेटखाली हात घालून रेस केलं. उघड्या पाइपाने माळेचं टोक ओढून घेतलं. मी हिसका दिला. अर्धी माळ हातात आली. उरलेली अर्धी, तारेसकट, इंजिनाने प्रसाद म्हणून ग्रहण केली होती.

"दाजी, आवाज कसला येतोय?" मेहुण्याने विचारलं.

"टॅपेट आहे. नवीन आहे ना, बसेल."

बंद करा म्हणायला हवं होतं. पण डझनभर पाहुण्यांसमोर विमानवाल्याचं इंजिन पूजेच्या दिवशी बंद पाडायचं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. संध्याकाळी तो दसऱ्याची फुलं भरून बाजाराला निघाला. तारेने मार खाल्लेला व्हॉल्व्ह अर्ध्या रस्त्यात तुटून पिस्टनवर पडला आणि जीप जागेवर थांबली. वर्षाचा माल रस्त्याच्या कडेला. दुसरी गाडी मिळेपर्यंत दसरा उजाडून मावळला. मी तिथे पोचलो, त्याच्या शेजारी उभा राहिलो आणि म्हणालो, बेताने चालवायची असते.

जीप माझ्या शेडमध्ये ओढून आणली, इंजिनाचं हेड उघडलं तेव्हा पिस्टनच्या डोक्यात तारेचा तुकडा रुतलेला दिसला. पकडीने उपटला, गटारात टाकला, हात पुसत बाहेर आलो आणि जाहीर केलं, "नवीन इंजिन आधी हलक्या हाताने चालवायचं असतं. याने दुप्पट माल भरला. दुसरं काय होणार?"

माल त्याने खरंच जास्त भरला होता. म्हणूनच त्याला ते पटलं.

तेव्हापासून त्याचा हात गाड्यांना वाईट ठरला. त्याच्या मुलाने नवा टेम्पो घेतला आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवली. ज्याच्या वडिलांची जीप गावात पहिली, तो माणूस टेम्पोत डावीकडे क्रेटवर हात ठेवून बसायचा. लग्नकार्यात कुणी त्याला साधी मोटारसायकल लावायला सांगितली की हशा पिकायचा. त्यात मीही हसायचो, जरा मोठ्यानेच.

यंदा मुलाने जीप भंगारात काढायची ठरवली. मेहुणा माझ्याकडे आला. "दाजी, एकदा चालू करून द्या. बंद गाडी भंगारात द्यायला जीवावर येतंय."

मळ्यातल्या शेडमधून आधी कोंबड्या हाकलल्या. नवा व्हॉल्व्ह, नवा पिस्टन. सगळं जुळवलं तरी इंजिन नुसतं खोकायचं. आधी डिझेलच्या नळीतली हवा काढली, मग इंजेक्टर तपासले, मग पंपाला शिव्या दिल्या. शेवटी कळलं की पंपाचं टायमिंग मी एका दात्याने चुकवून बसवलंय. तेही तेव्हा कुणाला सांगितलं नाही. दुरुस्त केल्यावर पांढरा धूर ओकून जीप सुरू झाली. सगळं घर जमलं. मी मेहुण्याला म्हणालो, बस, फिरवून आण.

तो दोन पावलं मागे सरला. "तुम्हीच फिरवा. माझ्या हातानं नको. पुन्हा मोडायची."

तिथे मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. पाइप, माळ, तार, गटार.

कुणीही विश्वास ठेवला नाही.

"दाजींचं मन लय मोठं," मेहुण्याची बायको पदराने डोळे टिपत म्हणाली. "यांच्यासाठी स्वतःवर घेतायत."

"विमानं दुरुस्त करणारा माणूस तार विसरंल व्हय?" मुलगा म्हणाला.

मी रंग मारायचो, असं ओरडून सांगितलं. त्यावर सगळे कौतुकाने हसले. बायकोने मला सावलीत बसवून पाणी दिलं. मी पाणी ठेवलं, बांधावरून मूठभर कोथिंबीर उपटली, चालू इंजिनाच्या पाइपासमोर धरली आणि रेस केलं. डबा मी या वेळीही बसवला नव्हता. कोथिंबीर हातातून सुटली आणि दिसेनाशी झाली. इंजिन एकदा खाकरलं आणि पुढे चालू राहिलं.

मग कुणी हसलं नाही.

"कोथिंबीर जळून जाते," मी म्हणालो. "तार जळत नाही."

मेहुण्याने वाकून त्या पाइपाच्या तोंडात बघितलं. "तुम्हाला त्याच दिवशी कळलं हुतं?"

"हो."

"आन् मी रस्त्याच्या कडंला फुलं ओतत हुतो तवा माझ्याशेजारी उभं राहून म्हणत हुता, बेतानं चालवायची असती म्हणून."

मी मान हलवली. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर केला. मुलाकडे वळून म्हणाला, "चावी." किल्ली जीपलाच होती, त्याला टेम्पोची हवी होती. मुलाने निमूट दिली. ती खिशात टाकून तो जीपमध्ये चढला.

"बसा," मला म्हणाला.

मी पुढे बसायला गेलो.

"मागं."

मागच्या फळीवर बसलो. त्याने गिअर टाकला, आणि इतक्या वर्षांनी हात लावूनही गाडीला एक हिसका बसू दिला नाही. पहिल्यांदा दूध डेअरीपाशी थांबला. इंजिन चालू ठेवून पारावर बसलेल्या माणसांकडे मान केली. "सांगा."

मी सांगितलं. पाठोपाठ पिठाच्या गिरणीपाशी. मग त्याच्या चुलत्याच्या अंगणात, जिथे चुलत्याला ऐकू येत नसल्याने दोनदा. पंक्चरवाल्याला तर या प्रकरणाची काहीच कल्पना नव्हती. मेहुण्यावर आळ होता हेच त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे आधी आळ समजावून सांगावा लागला, मग तो काढावा लागला.

"बरं मग, आता मी काय करू?" पंक्चरवाला म्हणाला.

"काय नाय," मेहुणा म्हणाला. "ऐकून ठेव."

फाट्यावरच्या हॉटेलापाशी माझा घसा पार कोरडा पडला होता. बाकांवर त्याच्या ओळखीची सात-आठ माणसं बसली होती. मी म्हणालो, जरा चहा घेऊ.

"घेऊ की," तो म्हणाला. "आधी सांगा."