रॉकेट सुटलं तेव्हा मी तळघरात होतो

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे असले अनुभव बायकोला वाचून दाखवून मी खो खो हसायचो... आता माझ्यावरच लिहायची पाळी आली.

आम्ही जर्मनीत हेर्त्सोगेनआउराखला राहतो, तिसऱ्या मजल्यावर. रविवार, दुपारचे तीन. बायको पुण्याला गेलेली, घरी मी आणि सहा वर्षांची मीरा. टीव्हीवर रॉकेट लाइव्ह – अंतराळस्थानकाकडे निघालेले चौघे पट्ट्यांनी खुर्चीला जखडलेले, दार बंद. सुटायला वीस मिनिटं होती. भज्यांसाठी तेल तापत ठेवलं आणि बघतो तर बेसन संपलेलं. पुण्याहून आणलेला साठा खाली केलरमध्ये, म्हणजे तळघरात. दोन मिनिटांचं काम म्हणून तसाच गेलो. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

केलरचं जाड लोखंडी दार आपोआप लागतं आणि आतली मूठ तुटलेली. एरवी मी दारात विटेचा तुकडा सारतो, त्या दिवशी विसरलो. फोन वर.

जोरात ठोकायचं तर रविवार, इथे त्या दिवशी आवाज करायला बंदी! मीराच्या उड्यांवरून घरमालकाची दोन पत्रं आधीच आलेली, म्हणून पहिली पाच मिनिटं मी बोटांनी टकटक करत राहिलो. वर पोरगी आणि तापतं तेल, आणि मी शेजाऱ्यांच्या झोपेची काळजी करत होतो... ही लाज अजून जात नाही. मग लाथा घातल्या, घसा फाटेस्तोवर ओरडलो. कुणी आलं नाही.

आणि दार उघडलं. मीरा, एकटीच. तिला उचलून धावत वर गेलो. कढईतून धूर येत होता, पण शेगडी बंद होती. टीव्हीवर रॉकेट नुकतंच सुटलेलं.

मीरा आमच्या मराठीला जर्मनमध्येच उत्तर देते. तुला कुणी सांगितलं, असं विचारल्यावर टीव्हीकडे बोट करून म्हणाली, "डी फ्राउ." ती बाई. चौघांत एकच बाई होती, आणि ती काही आपल्याकडची नव्हती. काय म्हणाली ती? तर मीरा स्वच्छ मराठीत बोलली –

"शेगडी बंद कर, मग खाली जाऊन बाबांना दार उघड. मला इथून उठता येत नाही."

रेकॉर्डिंग मी पन्नासदा पाहिलं. हेल्मेटच्या काचा बंद, कुणी कॅमेऱ्याकडे बघतसुद्धा नाही. मित्र म्हणतो, पोरीला जळका वास आला असेल. आला असेल. पण मी अडकलोय हे तिला कसं कळलं?

ते चौघे वर होते तोवर मी रोज सकाळी आधी त्यांची बातमी बघायचो. सुखरूप उतरले त्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून ढसाढसा रडलो. संध्याकाळी मीराला सांगितलं, ती बाई आली गं परत.

तिने एवढंच विचारलं, तिला दार कुणी उघडलं.